कडू गोगलगायी

बाजाराच्या खालच्या अंगाला जो तलाव आहे त्याला आम्ही ‘माकडाचा गाल’ म्हणतो. पावसाचं पाणी अडवून धरणाऱ्या अशा सगळ्याच तलावांना आमच्या देशात हे नाव आहे. माकड जसं केळी भराभर गालात कोंबतं आणि मग बसून सावकाश चघळतं, तसं तलावाने गावाचं पाणी कोंबून घ्यायचं आणि हळूहळू नदीकडे सोडायचं. लमुन मला म्हणायची, “बाई, खरं माकड निदान केळं हुंगून तरी बघतं. आपलं माकड काय वाटेल ते गिळतं.”

लमुन या तलावाची राखणदार. नगरपालिकेची रोजंदारीवरची बाई. माझ्या हाताखाली ती चौथीपर्यंत शिकली आणि तेव्हाही अशीच होती: ठेंगणी, रुंद पावलांची, आणि कुठेही गेली तरी तिच्याआधी तिचा आवाज पोचायचा. एकटी असली तरी गप्प नसायची. जाळीशी बोलायची, पंपाशी भांडायची. पाऊस पडून गेला की तलावाच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी जाळीत गावभरची घाण अडकायची. लांब दांड्याच्या आकड्याने ती ओढून काढताना लमुन एकेक वस्तू मालकाच्या नावाने ओळखायची. “ह्या चिंध्या हुयच्या. अगं हुय, शिवतेस किती आणि कापतेस किती! ही चरबी थोरल्या खाटकाची. आणि ह्या दुधाच्या पिशव्या बाई, तुमच्या शाळेच्या. सांगा जरा पोरांना.” मी निवृत्त होऊन वर्षं झाली होती, तरी तिच्या हिशेबी शाळा माझीच होती.

तलावातून निघणारा ओहळ तिच्या घरावरून जातो. खांबांवरचं लाकडी घर, आणि त्याला लागून तशीच आणखी घरं. नवरा फार पूर्वी दक्षिणेला मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच. मुलगा सुतिन समुद्राकडच्या मोटारींच्या कारखान्यात. तिच्या हातात राहिलं ते नगरपालिकेचं काम आणि ओहळात लावलेली नाळीची भाजी. पूर्वी ती भाजी कोणी घेत नसे. पाऊस पडला की गॅरेजच्या गल्लीतलं काळं तेल, मासळीबाजारातलं रक्त, रस्त्यावरची धूळ, सगळं धुऊन थेट ओहळात उतरायचं. भाजीची जुडी नाकाशी नेली की रॉकेलसारखा वास यायचा. गल्लीतल्या पोरांच्या पायांना बाराही महिने खरूज.

मग वरान्या आली. नगरपालिकेत नव्याने लागलेली इंजिनियर, चष्मेवाली, उन्हात टोपी न घालता हिंडणारी. तिने तलावाचे तीन भाग पाडले. पहिला गाळाचा हौद, तिथे वाळू आणि धूळ तळाशी बसायची. दुसऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात एक भिंत घातली; तेल तरंगतं म्हणून ते भिंतीपाशी अडायचं आणि पाणी खालून पुढे जायचं. तिसरा भाग उथळ, त्यात कर्दळीचा मोठा वाफा. कर्दळीचं नाव आमच्या भाषेत बुद्धरक्षा. पाण्यात मिसळलेलं जे डोळ्यांना दिसत नाही ते, आणि जोराच्या पावसात भिंतीवरून निसटलेलं तेलही, या झाडांची मुळं धरून ठेवतात, असं वरान्याने गावाला बोलावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि चहा पिऊन घरी गेले. वाफा लावला तो लमुनने, गुडघाभर चिखलात उभं राहून.

दोन पावसाळे गेले आणि तलावाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात उभं राहिलं तर आपली बोटं दिसू लागली. लमुनची भाजी बाजारात ओहळाची म्हणून विकली जाऊ लागली. तेवढ्यात वरान्याची बदली झाली. निघताना ती लमुनला म्हणाली, “मावशी, बाकी काहीही बिघडलं तरी दुरुस्त होतं. वाफा तेवढा उघडा पडू देऊ नका. वाफा गेला की हे नुसतं गटार आहे.”

“मी आहे ना,” लमुन म्हणाली. “मी मेले तरच उघडा पडेल.”

पाणी स्वच्छ झालं आणि संकट तिथूनच आलं.

तलावासमोर रस्ता ओलांडला की विहार. जिवंत प्राणी पाण्यात सोडून पुण्य मिळवायची आमची रीत जुनी आहे. आधी लोक त्यासाठी गाडी करून नदीवर जायचे. आता विहाराच्या दारात एवढं नितळ पाणी दिसल्यावर नदीवर कोण जाणार? काय सोडायचं तेही नावावरून ठरतं. वाम माशाच्या नावात वाहणं आहे, म्हणून धंदा वाहता राहावा असं वाटणारा वाम सोडतो. दुखणाईत माणसाच्या नावाने कासव सोडतात. आणि एक छोटी काळी गोगलगाय आहे, तिचं नावच कडू. आयुष्यातला कडवटपणा जावा म्हणून ती सोडायची. आमच्या गावात कडू गोगलगायींना सर्वांत जास्त मागणी होती.

विहाराच्या दाराशी पाण्याच्या घमेल्यांत त्या विकायला बसायची प्रयोंग. लमुनची सख्खी थोरली बहीण.

प्रयोंग वाईट बाई नव्हती. गुडघे गेलेले, घरी अंथरुणाला खिळलेला नवरा. सुरुवातीला ती खरोखरच कडू गोगलगायी आणायची. पण शेतांत फवारण्या वाढल्या तशा त्या मिळेनाशा झाल्या. मिळत होती ती दुसरी, परदेशातून आलेली, भाताची रोपं खाणारी गोगलगाय. शेतकरी तिला शिव्या घालत गोळा करायचे आणि कोणी नेली तर वर आभार मानायचे. प्रयोंग त्यातल्या लहान, काळपट निवडून घमेल्यात टाकायची. पाण्यात बुडालेल्या असल्या की दोन्ही सारख्याच दिसतात.

लमुनला कळलं ते वाफ्यावरून. उन्हाळ्याच्या आरंभी कर्दळीचे जुने दांडे कापायचे म्हणजे पावसाआधी नवे कोंब भरतात. त्या वर्षी तिने दांडे कापले, कोंब वर आले, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर कात्रीने कापल्यासारखे पाण्यालगत गेलेले. उरलेल्या दांड्यांवर गुलाबी दाण्यांचे घोस चिकटलेले. ती तशीच चिखलाच्या पायांनी रस्ता ओलांडून बहिणीपुढे जाऊन उभी राहिली. मी विहारातून बाहेर पडत होते.

“ताई, घमेल्यात काय आहे?”

“दिसत नाही? पुण्य आहे. घेतेस?”

“ह्या कडू नाहीत. ह्या भात खाणाऱ्या आहेत. माझा वाफा खाऊन टाकला ह्यांनी.”

“हळू बोल, गिऱ्हाईक आहे.”

“गिऱ्हाइकाला सांग ना मग!”

प्रयोंगने ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. “हे बघ लमुन, कडू आता मिळत नाहीत. लोकांना कडवटपणा सोडायचाय, तो ते सोडतात. गोगलगाय कुठल्या जातीची हे बुद्ध विचारत नाही.”

“कर्दळ विचारते.”

“तूच ना पाणी चकचकीत केलंस? तुझ्यामुळे तर माझं दुकान लागलं. तुझे उपकार मी रोज आठवते, जा.”

गावाला मात्र त्या गुलाबी घोसांनी वेड लावलं. बुद्धरक्षेच्या दांड्यांवर, थेट विहारासमोर, कमळाच्या रंगाचे घोस! सोडलेलं पुण्य फुलून आलं असं कोणीतरी म्हणालं. मग कोणीतरी घोस मोजले, त्या आकड्याचं लॉटरीचं तिकीट घेतलं, आणि बाजारातल्या न्हाव्याला खरंच छोटंसं बक्षीस लागलं. त्यानंतर तलावाच्या कठड्याला झेंडूच्या माळा आणि रंगीत फडकी बांधली गेली. लोक दांड्यांना टाल्कम पावडर चोळून आकडे शोधू लागले. लमुन घसा फोडून सांगायची, “अंडी आहेत ती! गोगलगायीची अंडी!” लॉटरी लागलेल्या न्हाव्याला हे पटवून बघा.

मग तिने सांगणं सोडलं आणि उजाडण्याआधी जाऊन बादलीत गोगलगायी वेचू लागली. घोस विळ्याने खरवडून काढायची. बादली गावाबाहेरच्या बदकवाल्याकडे ओतायची. बदकं त्यावर तुटून पडायची. महिनाभरात कोंब पुन्हा वर आले, हातभर झाले. ती मला दाखवायला घेऊन गेली. “बघा बाई, पानं उलगडताहेत. पाऊस येईपर्यंत एवढी टिकली की झालं. एकदा दांडे जाड झाले की ह्यांच्या तोंडाला लागत नाहीत.” लहान मूल दाखवावं तसा तो वाफा ती दाखवत होती.

बादलीसकट तिला पकडलं हुयने. हुय म्हणजे तीच शिंपीण, जिच्या चिंध्या जाळीत यायच्या. बदकवाल्याकडून अंडी घ्यायला गेली होती. दुपारपर्यंत बाजारभर झालं. मी नारळ खवणाऱ्याच्या दुकानात उभी होते आणि लमुन तिथे भाजी द्यायला आली, तर हुय मोजपट्टी गळ्यात तशीच घेऊन समोरून धावत आली.

“माझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोडल्या होत्या मी! आणि हिने बदकांना घातल्या! बाई, तुम्हीच सांगा, आता आईच्या डोळ्याचं काय?”

“तुझ्या आईचा डोळा बदकाने नाही खाल्ला, हुय.”

“ऐकलंत? ऐकलंत कशी बोलते ती?”

“आणि तू नारळाच्या दुधात कडू गोगलगायींची आमटी करतेस ती? गल्लीत वास येतो.”

“त्या सोडलेल्या नसतात!” हुय ओरडली. “आमटीची गोगलगाय वेगळी, पुण्याची वेगळी. एवढं कळत नाही? लोकांचं पुण्य चोरतेस तू. परत दुसऱ्याचं, आजाऱ्याचं!”

नारळवाला हसला नाही. भाजीची जुडीही त्याने घेतली नाही. आज नको, म्हणाला.

त्या दिवसापासून लमुनशी लोक जेवढ्यास तेवढं बोलू लागले. तिने त्याचं फारसं मनावर घेतलं नसतं. पण सुतिनचं चीवर ठरलं होतं. मुलगा काही दिवस तरी भिक्खू होतो ते पुण्य आईचं असतं, आणि आमच्याकडच्या आईला दुसरं काही मिळालं नाही तरी एवढं हवं असतं. कारखान्याने दोन आठवड्यांची रजा दिली होती, पावसाळ्याच्या तोंडावरची. त्याआधी नाही आणि नंतर नाही. मिरवणुकीला माणसं लागतात, स्वयंपाकाला बायका लागतात, छत्री धरायला कोणीतरी लागतं. आणि हे सगळं ज्यांच्या हातात होतं ते भन्ते, विहाराचे प्रमुख, यांनी लमुनला बोलावणं पाठवलं. ती मला घेऊन गेली. “मी बोलले तर भांडण होईल,” म्हणाली.

भन्ते म्हातारे, मृदू. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, सुतिनची चौकशी केली. मग म्हणाले, “लमुन, तू पंचशील घेतेस. पहिलं काय गं?”

“पाणातिपाता, जीव घ्यायचा नाही. पाठ आहे, भन्ते.”

“पाठ असणाऱ्यांचीच मला काळजी वाटते.”

“भन्ते, वाफा गेला तर पावसात सगळं तेल ओहळात जाईल. आमच्या गल्लीत माणसंच राहतात. त्यांचा जीव नाही?”

“आहे ना. पण तो जाईल की नाही हे पुढचं. बादलीतले जीव गेलेत.” “लोक मला विचारतात. आई असं करते आणि तिच्या मुलाला तुम्ही चीवर कसं देता?”

मी म्हटलं, “भन्ते, मग सोडणंच थांबवा ना. नदीवर सोडा म्हणावं. तुम्ही सांगितलंत तर लोक ऐकतील.”

त्यांनी वर छपराकडे पाहिलं. कौलांतून तीन ठिकाणी आभाळ दिसत होतं. “ख्रू, पुण्य करायला आलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवू?” गावात मला बाई म्हणतात, ख्रू, म्हणजे शिक्षक, असं मला फक्त तेच म्हणत. “विहार नदीवर नाही. विहार इथे आहे.” ते दांभिक नव्हते. कठड्यावर येणाऱ्या गर्दीचं दान थांबलं असतं तर ते छप्पर त्या पावसाळ्यात कोसळलं असतं, आणि तेही त्यांना माहीत होतं, मलाही.

“मुलाचं चीवर होईपर्यंत तलावातल्या कुठल्याही जिवाला हात लावू नकोस. अंड्यांनाही नाही. बुद्धासमोर सांग. पुढचं पुढे बघू.”

“जिवंत उचलून दुसरीकडे नेऊन टाकल्या तर?”

“कुठे नेशील?”

आमच्या गावाला चारी बाजूंनी भातशेतं आहेत. कुठेही टाकल्या तरी त्या कोणाच्या तरी रोपांत जाणार होत्या. ती मान खाली घालून म्हणाली, “कुठेच नाही.”

आणि तिने बुद्धासमोर हात जोडून शब्द दिला. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर चपला शोधताना मला म्हणाली, “बाई, पावसाला अजून वेळ आहे. नाही का?” मी वर पाहिलं. ढग नव्हते. “आहे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नगरपालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की हा विहाराचा प्रश्न आहे. आठवड्याने कठड्यावर एक पाटी लागली: ‘कृपया पुण्य शिस्तीत करा.’ लमुनने बदली झालेल्या वरान्याला फोन लावला. तिकडून वरान्या म्हणाली, “मावशी, काहीही करून वाफा झाका. जाळी लावा.” लमुनने पदरच्या पैशाने मच्छरदाणीची जाळी आणून वाफ्याभोवती उभी केली. लोकांनी जाळीवरून हात लांब करून, आत जिथे गुलाबी घोस होते तिथेच, गोगलगायी सोडल्या. तिथलं पुण्य जास्त मानलं जात होतं.

मग ती नुसती बसून राही. लोखंडी जाळीचं काम, हौदातला गाळ काढायचं काम उरकलं की वाफ्यापाशी उकिडवी बसायची आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायची. कोंब जात होते. तिच्या हातापासून वितीवर एखादी गोगलगाय पान कुरतडत असायची. ती तिच्याशी बोलायची. “खा. खा बये. माझ्या लेकाचं चीवर होऊ दे, मग बघते तुला.” एकदा मी मागे उभी असताना तिने हात बाहेर काढला, गोगलगायीपर्यंत नेला, आणि परत मांडीखाली घातला.

चीवराच्या दिवशी सगळं गाव आलं. लमुनने शब्द पाळला हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि माणसं आमच्याकडे मोठ्या मनाने माफ करतात. हुयने सुतिनचं पांढरं वस्त्र फुकट शिवलं. नारळवाल्याने नारळ पाठवले. छत्री धरली न्हाव्याने. ढोल वाजत होते, म्हाताऱ्या बायका मिरवणुकीपुढे नाचत होत्या, आणि गुडघे गेलेली प्रयोंगसुद्धा हात वर करून चार पावलं नाचली. विहारात सुतिनने आईच्या पायांवर डोकं ठेवून क्षमा मागितली. तिने चीवर त्याच्या हातांवर ठेवलं. त्या दिवशी तिच्याएवढी सुखी बाई गावात नव्हती. हे मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

मिरवणूक परतताना तलावावरून आली. वाफ्यात पाण्यावर फक्त गुलाबी ठिपके होते. हिरवं काही नव्हतं.

पाऊस आला तो चीवरानंतर तिसऱ्या दिवशी, भरदुपारी. महिनोन्‌महिने रस्त्यांवर साठलेलं सगळं एका तासात खाली आलं. हौद भरला, तेल अडवायच्या भिंतीवरून पाणी उसळलं, आणि उघड्या वाफ्यावरून सरळ ओहळात गेलं. माकडाने गिळलं ते तसंच ओकून टाकलं. लमुन आकडा घेऊन जाळीवर उभी होती. जाळी तुंबू द्यायची नाही एवढं एकच तिच्या हातात होतं, आणि तेवढं ती भिजत करत राहिली. गल्लीतल्या घरांखाली काळं पाणी शिरलं. नाळीची भाजी तेलाने माखून आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारासमोरच्या पाण्यात सोडलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वाम होत्या. दोन कासवं कठड्याच्या पायरीवर येऊन माना आत घेऊन बसली होती. गोगलगायी मात्र भिंतीवर चढून सुखरूप होत्या.

लोक कठड्याला गर्दी करून उभे होते. ते गल्लीतल्या घरांविषयी बोलत नव्हते.

“शेकडो जीव मेले हो. पुण्याचे जीव!”

“राखणदार कोण आहे? लमुनच ना?”

“मनात खोट ठेवून शब्द दिला होता तिने. मनातून तिला हे मरायलाच हवे होते.”

हे शेवटचं हुय म्हणाली, आणि म्हणताना रडत होती. तिच्या आईचा डोळा ऑपरेशननंतर पिकला होता.

नगरपालिकेचे साहेब आले. त्यांनी वाफा पाहिला आणि विचारलं, “इथली झाडं कुठे गेली?” लमुनने सांगितलं. ते म्हणाले, “झाडं सांभाळणं तुमचं काम होतं ना?”

“होतं.”

“मग तुम्ही ती जाऊ दिलीत.”

“हो साहेब,” लमुन म्हणाली. “मीच जाऊ दिली.” मला वाटलं आता ती भांडेल. ती भांडली नाही. आकडा भिंतीला टेकवून ठेवला, टोपी काढली आणि घरी गेली. महिनाअखेरीला तिला कामावरून कमी केलं.

आईने वाफा का जाऊ दिला ते सुतिनला पावसानंतरच्या भिक्षेच्या फेरीत कळलं. रोज पहाटे तो पात्र घेऊन अनवाणी गल्लीतून जायचा. त्या दिवशी मी लमुनकडेच होते, घर धुवायला मदत करत. ती भाताचं भांडं घेऊन दारात गुडघे टेकून बसली. चीवरातल्या मुलाला आई म्हणता येत नाही, आणि तिलाही त्याला नावाने हाक मारता येत नाही, भन्तेच म्हणावं लागतं. तो घोटाभर काळ्या चिखलात उभा होता.

“उपासिके,” तो म्हणाला, “हे माझ्यामुळे झालं का?”

“भात गरम आहे, भन्ते. पात्र सांभाळा.”

“मी आज चीवर उतरवतो. भन्त्यांना सांगतो. लोकांना सांगतो काय झालं ते.”

लमुनने मान वर केली. हे तिने करायचं नसतं, पण केली. “एक दिवससुद्धा आधी उतरवायचं नाही. ह्याच्यासाठी मी वाफा दिलाय. सगळे दिवस पुरे करा.” मग डोकं जमिनीला टेकवलं आणि तो जाईपर्यंत उचललं नाही.

त्याने सगळे दिवस पुरे केले. मग शर्ट-पँट घालून, टक्कल टोपीखाली झाकून, बस पकडून कारखान्यात गेला. तो दर महिन्याला फोन करतो. आईला तिकडे ये म्हणतो. ती जात नाही.

वाफ्याच्या जागी नगरपालिकेने पुढच्या उन्हाळ्यात काँक्रीट घातलं. साफ करायला सोपं पडतं, म्हणाले. कडेला फरशीचा ओटा बांधला, त्यावर उतरून पाण्याजवळ बसता येतं. विहाराचं छप्पर झालं, लाल कौलांचं, सुंदर आहे. पावसात ओहळ काळा येतो. गल्लीतल्या तीन घरांनी जागा सोडली. बाकीच्यांना जायला जागा नाही. वाफा पुन्हा लावा असं मी दोनदा सभेत उठून म्हटलं. लोक माझा आदर करतात, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं.

लमुन आता बहिणीच्या घमेल्यांपाशी बसते. प्रयोंगने स्वतः येऊन बोलावलं. “माझ्याने बसवत नाही. तू घरात भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा तिथे बस.” लमुन हसली होती, म्हणे. खूप हसली होती. पण भाजी गेली होती, काम गेलं होतं, आणि दुसरीकडे तिला कोणी ठेवत नव्हतं.

सुरुवातीला ती प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं सांगायची. मी स्वतः ऐकलं आहे. परवा मी तिच्या शेजारी पाटावर बसले होते तेव्हा एक तरुण जोडपं आलं, परगावचं, बायको पोटुशी. लमुनने घमेल्यातून दोन गोगलगायी काढून तळहातावर ठेवल्या.

“ही काळी, टोकेरी, ती खरी कडू. आज ह्या एवढ्याच आहेत. ही दुसरी भात खाणारी आहे. हिने इथली सगळी झाडं खाल्ली. ही सोडू नका.”

बायकोने दोन्ही निरखून पाहिल्या. नवऱ्याकडे पाहिलं.

“फरक काय पडतो?” तो म्हणाला.

“पाण्याला पडतो.”

“पण सोडल्याचं पुण्य तर सारखंच ना?”

मागून प्रयोंगचा आवाज आला, “सारखंच, सारखंच! दे त्यांना.”

“मग ती मोठी द्या मावशी,” बायको म्हणाली. “ही छोटी अगदीच एवढीशी आहे.”

लमुनने मोठी दिली. ते दोघं ओट्यावर उतरले, डोळे मिटले, हात जोडले. मी लमुनकडे पाहिलं. ती ओल्या हातांनी घमेल्यातलं पाणी बदलत होती.

“हल्ली मी सांगत नाही बाई,” ती म्हणाली. “आज तुम्ही बसला होतात म्हणून सांगितलं.”